चरणचित्त आणि पांढरा पडदा

संयुत्तनिकायाच्या खन्धवग्गात ‘गद्दुलबद्ध’ या नावाची दोन सुत्ते आहेत. खांबाला बांधलेला कुत्रा त्या खांबाभोवतीच फिरत राहतो, हा त्यांतील दृष्टान्त प्रवचनांतून वारंवार सांगितला जातो. परंतु दुसऱ्या सुत्तात तथागत भिक्षूंना जो एक साधा प्रश्न विचारतात, तो मात्र सहसा नजरेआड होतो. ‘चरण’ नावाचे चित्र तुम्ही पाहिले आहे काय, असा तो प्रश्न आहे. भिक्षू होकार देतात. मग तथागत सांगतात की, ते चित्रही चित्तानेच कल्पिलेले आहे आणि चित्त हे त्या चित्राहूनही अधिक विचित्र आहे. येथे एक शब्दखेळ आहे, तो अनुवादात हरवतो. संस्कृतातील ‘चित्र’ आणि ‘चित्त’ हे दोन्ही शब्द पालीत ‘चित्त’ असेच होतात.

हे चरणचित्त म्हणजे काय, याचे स्पष्टीकरण इसवी सनाच्या पाचव्या शतकातील ‘सारत्थप्पकासिनी’ या अट्ठकथेत मिळते. ‘संख’ नावाचे काही ब्राह्मणपंथीय लोक कापडावर सुगती-दुर्गतीची चित्रे काढून घेत आणि ती घेऊन गावोगाव हिंडत. हे कर्म केले की हे फळ मिळते, ते केले की ते मिळते, असे ते चित्रांवर बोट ठेवून लोकांना दाखवीत. चालते फिरते चित्र, म्हणून ‘चरण’. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त चाणक्याचा हेर यमपट घेऊन घरोघर फिरतो, तोही याच परंपरेतला. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीचे ठाकर समाजाचे चित्रकथी तर आजही चित्रांची पोथी समोर धरून कथा गातात.

वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तथागतांनी ते चित्र पाहू नका असे म्हटलेले नाही. भिक्षूंनी ते पाहिलेले आहे, हे त्यांनी गृहीतच धरले आहे. त्यांनी लक्ष वेधले ते चित्रामागच्या चित्ताकडे. चित्र कोणी कल्पिले, कोणी दाखविले आणि दाखविताना तो काय बोलला, ही चौकशी त्या एका वाक्यात बीजरूपाने आहे. प्रस्तुत लेखात आम्ही हीच चौकशी पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यापर्यंत आणू इच्छितो. या पट्ट्यातील वसाहतींत आणि वस्त्यांत पांढरा पडदा बांधून, तिकीट न लावता, देशोदेशींच्या लोकजीवनाचे माहितीपट दाखविले गेले आणि आजही क्वचित दाखविले जातात. या गोष्टीला इतिहास आहे आणि तो आपला आहे, असे आमचे मत आहे.

बौद्ध परंपरेने हे चालते चित्र विहाराच्या दारात आणले. ‘दिव्यावदाना’तील सहसोद्गताच्या कथेत, वेणुवनाच्या द्वारकोष्ठकात पाच आऱ्यांचे चक्र चितारावे, अशी आज्ञा येते. नरक, तिर्यक, प्रेत, देव आणि मनुष्य अशा पाच गती त्यात दाखवावयाच्या होत्या. येणारे ब्राह्मण व गृहपती विचारू लागले की हे काय आहे. तेव्हा चित्र समजावून सांगण्यासाठी एक भिक्षू नेमावा असे ठरले. पुढे जो तपशील येतो तो आम्हांस फार मोलाचा वाटतो. प्रथम भिक्षूंनी कोणालाही, अजाण भिक्षूंनाही, त्या कामी बसविले. तेव्हा त्यांना बजावण्यात आले की, समर्थ भिक्षूच तेथे नेमला पाहिजे. म्हणजे चित्र काढून भिंत सजविली की काम संपले, असे संघाने मानले नाही. चित्राशेजारी कोण उभा राहतो, हा विनयाचा प्रश्न झाला. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याच्या ओसरीत, डाव्या टोकाला, असे चक्र आजही भग्नावस्थेत दिसते. त्याच्यापाशी उभा राहून बोलणारा भिक्षू तेवढा आता नाही.

हा बोलणारा भिक्षू धम्माबरोबर दूर गेला. चीनमध्ये तुनह्वांगच्या लेण्यांत जे हस्तलिखित सापडले, त्यांत एक लांब चित्रपट आहे. तो आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. सारिपुत्त आणि रौद्राक्ष नावाचा तीर्थिक यांच्यातील ऋद्धिबलाच्या सामन्याची चित्रे त्याच्या पुढच्या बाजूस आहेत आणि कथेची पद्ये मागच्या बाजूस लिहिली आहेत. प्रेक्षक पुढून चित्र पाहणार, सांगणारा मागून पद्य वाचणार. व्हिक्टर मेअर या अमेरिकन चीनविद्यापंडिताने १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चीनमधील या चित्रकथनाचे मूळ भारतात दाखविले आहे. जपानमध्ये मंदिरातील चित्रे उलगडून सांगणाऱ्यांची कला ‘एतोकी’ म्हणून रुजली. पुढे मूकपट आले तेव्हा पडद्याशेजारी बसून कथा सांगणारा ‘बेन्शी’ तेथे इतका लोकप्रिय झाला की, लोक नटापेक्षा त्याच्या नावावर थिएटरात जात. बेन्शीच्या पूर्वजांत एतोकी सांगणारा येतो. अशा रीतीने जंबुद्वीपातून निघालेली ही कला पूर्व समुद्रापर्यंत पोहोचली, आणि तिच्या जन्मभूमीत ती चित्रकथींच्या पोथीसारख्या रूपांत उरली.

महाराष्ट्रात पडद्यावरची चित्रे प्रथम आली ती दिव्याच्या पेटीतून. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवरच्या चित्रांचे खेळ सुरू केले. १८९९ मध्ये हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी मुंबईत एका कुस्तीचे चित्रण केले. भारतीय माणसाने केलेल्या माहितीपटांचा आरंभ तेथून मानला जातो. कथापटाचा धंदा पुढे फोफावला आणि माहितीपट मागे पडला. तो पुन्हा पुढे आला तो सरकारच्या हातून, आणि तोही युद्धासाठी. १९४० मध्ये ब्रिटिश सरकारने चित्रपट सल्लागार मंडळ नेमले, १९४३ मध्ये ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ काढली. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले. चित्रपटगृहाच्या परवान्यातच अशी अट असे की, मुख्य चित्रपटापूर्वी सरकारमान्य माहितीपट दाखविला पाहिजे. ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत त्यांना आठवत असेल की, तो संपेपर्यंत बरेच लोक बाहेर शेंगदाणे खात उभे असत.

पण ज्याच्याजवळ तिकिटाचे पैसे नव्हते त्याच्यासाठी दुसरी सोय होती. केंद्र सरकारच्या क्षेत्रीय प्रचार खात्याच्या गाड्या सोळा मिलिमीटरचे प्रोजेक्टर, जनित्र आणि कर्णे घेऊन गावोगाव जात. महाराष्ट्र व गोव्यासाठी या खात्याचे प्रादेशिक कार्यालय पुण्यात होते. पन्नाशीच्या दशकात अमेरिकन माहिती सेवेच्या गाड्याही अशाच फिरत. त्यांचा हेतू वेगळा होता, पण खेळ मोफतच असे. पंचवार्षिक योजना, देवीची लस, कुटुंबनियोजन, धरणे हे मुख्य विषय. त्यांच्या जोडीला इतर प्रांतांचे नृत्य, दूरदेशीच्या जत्रा आणि तेथील लोकांची राहणी. बुद्धघोषाचार्यांनी वर्णिलेला तो संख येथे आम्हांस सारखा आठवतो. हे केले की हे फळ मिळते, असेच हे चित्रही सांगत होते. स्वर्गाच्या जागी धरण होते आणि नरकाच्या जागी मोठे कुटुंब होते, एवढाच फरक! अर्थात देवीचा रोग या देशातून गेला, हे विसरून उपहास करणे आम्हांस मान्य नाही.

आता आमच्या पट्ट्याकडे वळू. फाळणीनंतर पिंपरीला सिंधी निर्वासितांची छावणी वसली. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही पेनिसिलिन बनविणारी कंपनी पिंपरीत स्थापन झाली. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले, मोटारींचे व यंत्रांचे कारखाने उभे राहिले, १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापूर-नगरच्या दुष्काळी भागातून माणसे येत राहिली. त्यांत आपला समाज मोठा होता. ज्यांना कायम नोकरी मिळाली ते वसाहतींत गेले. ज्यांना मिळाली नाही ते नदीकाठी व रुळांकडेला पत्र्याच्या वस्त्यांत राहिले. वसाहत आणि वस्ती यांच्यामध्ये पुष्कळदा एक भिंत एवढेच अंतर असे.

येथे आम्ही एक स्वानुभव नमूद करतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आम्ही अशाच एका वस्तीत वाढत होतो. भिंतीपलीकडच्या एका वसाहतीच्या मैदानात महिन्या-दोन महिन्यांनी पडदा लागे. त्या वसाहतीला जपानची शेती, श्रीलंकेतील उत्सव, आफ्रिकेतील लोकनृत्ये असे माहितीपट दाखविले जात. आमच्या वस्तीतही एकदा गाडी आली होती. तिने आम्हांला दाखविला तो संडासाच्या वापरावरचा चित्रपट. तो वाईट होता असे नव्हे. पण वस्तीत संडासच नव्हते, हे दाखविणाऱ्याला ठाऊक नव्हते किंवा ठाऊक असूनही त्याला त्याचे काही वाटत नव्हते. जग पाहण्याची पात्रता कोणाची आणि हात धुण्याचा उपदेश ऐकण्याची पात्रता कोणाची, याची वाटणी आमच्या जन्मापूर्वीच कोठेतरी झालेली होती.

वसाहतीच्या मैदानात पुढची जागा तेथील कुटुंबांसाठी असे. आम्ही मुले भिंतीवरून उतरून पडद्याच्या मागे बसत असू. पडदा साधा मांजरपाटाचा होता, त्यामुळे मागूनही चित्र चांगले दिसे. फक्त उजव्याचे डावे होई आणि अक्षरे उलटी दिसत. श्रीलंकेवरच्या चित्रपटात काषाय चीवर घातलेल्या भिक्षूंची लांब रांग होती. आम्ही तो चित्रपट दोनदा पाहिला. घरी जाऊन आईची लाल ओढणी तशीच अंगावर घेऊन, डावा खांदा उघडा टाकून, आम्ही भावंडे रांगेत चाललो होतो. पुढे विद्यापीठात पाली शिकताना ‘एकंसं उत्तरासङ्गं करित्वा’ हा वाक्प्रयोग आला. आमच्या प्राध्यापकांनी त्याचे विवरण विचारले तेव्हा आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की, भिक्षू डावा खांदा उघडा ठेवतात, आम्ही पाहिले आहे. वर्ग हसला. चीवर डाव्या खांद्यावर राहते आणि उजवा उघडा असतो, हे विनयाचा प्राथमिक विद्यार्थीही जाणतो. आमची चूक कशी झाली हे आमचे आम्हांलाच कित्येक दिवस कळले नाही. कळले तेव्हा त्या मांजरपाटाची आठवण झाली. तुनह्वांगच्या पटामागे बसणारा कथा सांगणारा असतो, हे वाचले तेव्हा तर अधिकच. आमच्या पटामागे बसलेले ते होते ज्यांना पुढे जागा नव्हती.

आणि तरीही याच पट्ट्याला जगाची ओळख त्याआधीच, फार वेगळ्या रीतीने झालेली होती. डिसेंबर १९५४ मध्ये रंगून येथे जागतिक बौद्ध परिषदेचे तिसरे अधिवेशन भरले. त्याच काळात तेथे सहावी संगीती चालू होती. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या अधिवेशनास गेले, आणि परत आल्यावर दिनांक २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी देहूरोड येथे ब्रह्मदेशातून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या धम्मदीक्षेला अद्याप पावणेदोन वर्षांहून अधिक अवकाश होता. मूर्ती दिल्लीला किंवा मुंबईलाही बसविता आली असती. ती लष्करी छावणीच्या आश्रयाने राहणाऱ्या कष्टकऱ्यांच्या एका लहान वस्तीत बसली. ब्रह्मदेशाची कारागिरी, तेथील मुद्रा, तेथील चेहऱ्याची ठेवण ही देहूरोडच्या माणसाने तिकीट न काढता आणि पडद्याच्या पुढच्या बाजूने पाहिली. दरवर्षी २५ डिसेंबरला तेथे जी गर्दी लोटते तिचे कारण सर्वांना ठाऊक आहे. आम्ही त्या कारणात ही एक गोष्ट जोडू इच्छितो.

देहूरोडपासून जवळच शेलारवाडीची लेणी आहेत. तेथील एका शिलालेखात धेनुकाकटात राहणाऱ्या उसभणक नावाच्या शेतकऱ्याच्या बायकोने, सियगुत्तणिकेने, आपल्या मुलासह लेण्याचे दान दिल्याची नोंद आहे. त्याच मावळात पुढे कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटचे यवन स्तंभांचे दाते आहेत, वैजयंतीचा सेठी भूतपाल आहे आणि दरवाजा घडविणारा सामि नावाचा सुतारही आहे. यवन, सेठी, सुतार आणि नांगरधाऱ्याची बायको अशी ही मंडळी दोन हजार वर्षांपूर्वी एकाच दगडावर नावे कोरून गेली. परदेशीची संस्कृती या भागात प्रथम मोटारीच्या कारखान्याबरोबर आली, असा जो समज आहे तो या शिलालेखांपुढे टिकत नाही.

माहितीपटांतील बुद्धाकडे पाहिले की, बोलणाऱ्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. १९३४ साली बेसिल राइट या इंग्रज दिग्दर्शकाने ‘साँग ऑफ सिलोन’ हा माहितीपट केला. माहितीपटांच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे आणि ते योग्यच आहे. त्याच्या चार भागांपैकी पहिल्याचे नाव ‘द बुद्ध’ असून त्यात श्रीपादाच्या पर्वतावर चढणारे यात्रेकरू येतात. इतकी शांत, आदरयुक्त दृश्ये आम्ही क्वचितच पाहिली आहेत. परंतु या चित्रपटाचा खर्च सिलोनच्या चहाचा प्रचार करणाऱ्या मंडळाने केला होता, आणि त्यातील निवेदन रॉबर्ट नॉक्स या इंग्रज बंदिवानाने १६८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातून घेतलेले आहे. वाचणारा आवाज लायोनेल वेंट या सिंहली भूमीतल्या कलावंताचा आहे, शब्द मात्र अडीचशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजाचे आहेत. तिसऱ्या भागात व्यापाराचे आवाज घुमतात. यात्रेकरूला स्वतःला काय म्हणावयाचे आहे, हे त्यात नाही.

भारत सरकारने १९५६ च्या बुद्धजयंतीनिमित्त ‘गोतम द बुद्ध’ हा माहितीपट करविला. निर्माते बिमल रॉय, दिग्दर्शक राजबन्स खन्ना, संगीत सलील चौधरी यांचे. १९५७ च्या कान महोत्सवात त्याचा विशेष उल्लेखाने गौरव झाला. नट न वापरता, शिल्पे, भित्तिचित्रे, अवशेष आणि निसर्ग यांच्या साहाय्याने तथागतांचे चरित्र सांगण्याची त्याची रीत आम्हांस फार भावते. सांची-भारहुतच्या जुन्या शिल्पकारांनीही बुद्धाचे रूप न दाखविताच बुद्ध दाखविला होता. हा चित्रपट प्रत्येक विहारात एकदा तरी दाखविला जावा. पण तो दाखविताना हेही सांगितले पाहिजे की, ज्या वर्षासाठी सरकारने दगडातल्या बुद्धाचे चित्रण करविले, त्याच वर्षी लाखो जिवंत माणसे त्या बुद्धाला शरण गेली. आणि त्याच वर्षी, ७ डिसेंबर १९५६ रोजी, मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली तेव्हा तिचे चित्रण करण्यासाठी नामदेवराव व्हटकर यांना पदरमोड करावी लागली. आज आपण जी अंत्ययात्रेची दृश्ये पाहतो त्यांचे ऋण त्या माणसाकडे जाते. जयंतीच्या दिवशी मोठ्या पडद्यावर ती दृश्ये लागतात, त्या वेळी हे नाव उच्चारले जाताना आम्ही फारसे ऐकलेले नाही, याची खंत वाटते.

सोळा मिलिमीटरचे दिवस नव्वदीच्या दशकात सरले. प्रथम व्हिडिओ आला. चौदा एप्रिलच्या रात्री भाड्याने आणलेल्या दूरदर्शन संचापुढे चाळ जमू लागली. मग केबल आली आणि देशोदेशींचे लोकजीवन घरातल्या खोक्यात दिवसरात्र दिसू लागले. सरकारी प्रचार गाड्या रोडावल्या. क्षेत्रीय प्रचाराचे खाते २०१७ मध्ये दुसऱ्या विभागांसह एकत्र केले गेले आणि फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. एकत्र बसून पाहण्याची जी सवय होती, ती मात्र कोणत्याही आदेशाशिवायच मोडली. खोक्यापुढे शेजारी बसत नाही, आणि मोबाइलपुढे तर घरातलाही बसत नाही.

या काळात उलट दिशेने घडलेली एक गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. आनंद पटवर्धन यांनी रमाबाई आंबेडकर नगरातील ११ जुलै १९९७ च्या गोळीबारापासून सुरू करून चौदा वर्षे चित्रण केले आणि ‘जय भीम कॉम्रेड’ हा तीन तासांहून अधिक लांबीचा माहितीपट २०११ मध्ये पूर्ण केला. जानेवारी २०१२ मध्ये तो मुंबईत भायखळ्याच्या बी. आय. टी. चाळीत, उघड्यावर, लोकांसमोर दाखविला गेला आणि नंतर वस्त्यावस्त्यांतून फिरला. ज्यांच्यावर चित्रपट आहे ते पुढच्या बाजूस बसले होते. त्यातील शाहिरांची गाणी लागली की, पाहणारे पडद्याबरोबर गात. निवेदकाला तेथे फारसे काम उरत नाही. या चित्रपटातील सर्व राजकीय मतांशी प्रत्येक वाचक सहमत होईल असे नाही, आम्हीही नाही. परंतु चरणचित्ताच्या दीर्घ इतिहासात काठी दाखविणाऱ्याकडून दाखविल्या जाणाऱ्याकडे गेल्याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे आम्हांस आठवत नाही.

तेव्हा प्रश्न असा की, आपल्या विहारांनी काय करावे. गेली काही वर्षे या पट्ट्यातील एका छोट्या विहाराच्या सभागृहात, पौर्णिमेच्या वंदनेनंतर, काही उपासक-उपासिका देशोदेशींचे माहितीपट दाखवितात. पडद्याला मांजरपाटच आहे. प्रोजेक्टर उसना आणला जातो. परवानगीवाचून दाखवू नये, म्हणून दिग्दर्शकांना पत्रे लिहिली जातात. अशा पत्राला उत्तर येते आणि बहुधा होकारार्थी येते, हा अनुभव इतरांना उपयोगी पडावा म्हणून नमूद करतो. तिहार कारागृहातील विपश्यनेवरचा ‘डुइंग टाइम, डुइंग विपस्सना’ हा १९९७ चा माहितीपट तेथे दाखविला गेला. दोन इस्रायली स्त्रियांनी तो केला आहे. बामियानच्या मूर्ती मार्च २००१ मध्ये उद्ध्वस्त झाल्या, त्यावरचा क्रिस्टियान फ्राय यांचा ‘द जायंट बुद्धाज’ हाही दाखविला गेला.

अडचण होती ती भाषेची. यांपैकी बहुतेकांचे निवेदन इंग्रजीत आहे आणि समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांना ते कळत नाही. चुल्लवग्गात दोन ब्राह्मणकुलोत्पन्न भिक्षू बुद्धवचन छंदात बसविण्याची परवानगी मागतात तेव्हा तथागत ती नाकारतात आणि ‘सकाय निरुत्तिया’, म्हणजे आपापल्या भाषेत, वचन शिकण्यास अनुमती देतात. अट्ठकथाकार ही भाषा मागधीच असे सांगतात. आम्हांस ते पटत नाही. संदर्भ पाहता शिकणाऱ्याची स्वतःची भाषा हाच सरळ अर्थ लागतो. त्याला अनुसरून सभागृहात आवाज बारीक करून पडद्याशेजारी एक माणूस उभा राहतो आणि मराठीत सांगतो. ज्याचे काम आधी चित्रपट तीनदा पाहण्याचे असते. सुरुवातीला उत्साही तरुण हे करीत. ते स्वतःचेच भाषण करू लागत आणि चित्र पुढे निघून जाई. दिव्यावदानात म्हटले आहे तसे ‘समर्थ’ माणूस शोधण्याचे कष्ट मग घ्यावे लागले. हल्ली कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ ते काम करतात. ते थोडे बोलतात.

चाकणचे कारखाने वाढल्यापासून समोरच्या सतरंजीवरचे लोकही बदलले आहेत. बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेश येथून आलेले कंत्राटी कामगार, त्यांतले बरेचसे बौद्ध नसलेले, खोलीत उकडते म्हणून येऊन बसतात. त्यांच्यासाठी त्या गृहस्थांना मधून मधून हिंदीतही सांगावे लागते.

गेल्या खेपेस ‘सेव्हिंग मेस अयनाक’ हा ब्रेंट हफमन यांचा २०१४ चा माहितीपट होता. काबूलच्या आग्नेयेस, लोगर प्रांतात, मेस अयनाक येथे एक संपूर्ण बौद्ध नगर जमिनीखाली आहे. स्तूप, विहार, मूर्ती. आणि त्याच्याही खाली तांबे आहे, जगातील मोठ्या साठ्यांपैकी एक. ते काढण्याचा करार २००७-०८ च्या सुमारास एका चिनी सरकारी कंपनीशी झाला. चित्रपटात कादिर तेमोरी नावाचे अफगाण पुरातत्त्वज्ञ तुटपुंज्या साधनांनी, खाण सुरू होण्यापूर्वी जेवढे वाचविता येईल तेवढे वाचवू पाहतात. आमची अपेक्षा अशी होती की, चित्रपट संपल्यावर सभागृह मूर्तींबद्दल हळहळेल. तसे ते हळहळलेही. उपासिकांपैकी एक आजी पुढे आल्या आणि पडद्यावर शेवटी जेथे मूर्ती दिसली होती तेथे हात लावून कपाळाला लावून गेल्या.

मग मागच्या ओळीतून एक तरुण उठला. तो ओडिशाचा होता, चाकणला सुट्या भागांच्या कारखान्यात कंत्राटावर. त्याच्या बोलण्यावरून त्याच्या गावाकडेही खाण असावी असे वाटले. त्याने हिंदीत विचारले की, ती खाण निघाली तर त्या डोंगरातल्या गावकऱ्यांना तिथे काम मिळणार की बाहेरची माणसे आणणार. आणि पुतळे संग्रहालयात नेतील ते ठीक, पण गावकऱ्यांना कुठे नेतील. पडद्याशेजारच्या गृहस्थांनी आमच्याकडे पाहिले. आमच्याजवळ उत्तर नव्हते. गृहस्थ म्हणाले, तो भाग पुन्हा लावू, गावकरी कुठे दिसतात का ते सगळे मिळून पाहू. प्रोजेक्टर बंद झाला होता, तो पुन्हा सुरू केला. या वेळी मागच्या ओळीतले लोक पुढे येऊन बसले.